मेलेलं माणूस सातबाऱ्यावर जिवंत: ई-हक्कवरच्या वारस नोंदीचं परीक्षण

गावातलं एखादं घर वीस-तीस वर्षं बंद असतं आणि ते का बंद आहे, हे सगळ्या गावाला माहीत असतं. कुणी विहिरीत गेलेलं असतं, कुणी दरडीखाली, कुणी फवारणीचं औषध घेतलेलं असतं. कुणी मुंबईला म्हणून निघालं ते पोचलंच नाही. मागे राहिलेली बाई लेकरं घेऊन माहेरी जाते, कुलपाला गंज चढतो, अंगणात रुई माजते. मग ती लेकरं चाळिशी-पन्नाशीत गावी परत येतात. घर बघायचं असतं, जमिनीचं काहीतरी मार्गी लावायचं असतं. उतारा काढला की कळतं, गेलेलं माणूस कागदावर अजून खातेदार आहे.

पूर्वी या कामाची सुरुवात चावडीत उभं राहून व्हायची. चार माणसं बसलेली असताना तलाठी विचारणार, "कधी वारले? कसे वारले?" ते एकदा सांगून भागायचं नाही. तलाठी बदलला की पुन्हा, मंडळ अधिकाऱ्यापुढे पुन्हा, तहसीलच्या टेबलावर पुन्हा. म्हणून महसूल विभागाची ई-हक्क ही ऑनलाइन सेवा इथे एकाच मापाने मोजली आहे: घरातली ती घटना परक्यांपुढे किती वेळा सांगावी लागते.

या मापावर सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देता येतील. मृत्यूचा दाखला हातात असेल आणि भाऊबंदांची हरकत नसेल, तर साडेचार. दाखलाच नसेल, तर ई-हक्क जवळपास निरुपयोगी. अपघाती, अवेळी गेलेल्यांच्या घरात नेमका दाखलाच नसतो, आणि तिथेच गुण कापले जातात.

ई-हक्क म्हणजे सार्वजनिक नोंदींसाठीचं पोर्टल. मोबाईल क्रमांकावर खातं उघडायचं आणि घरबसल्या फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा, अर्ज करायचा. वारस नोंद, मयताचं नाव कमी करणं, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं, अज्ञान पालक कर्ता (म्हणजे खातेदार अल्पवयीन असल्याचा) शेरा काढणं, एकत्र कुटुंब मॅनेजरची नोंद कमी करणं, हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातली तफावत दुरुस्त करणं, अशी ठरावीक कामं त्यावर होतात. अर्ज थेट तुमच्या गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना आजही सगळे तलाठीच म्हणतात त्यांच्याकडे जातो.

पण अर्ज उघडण्याआधीची तयारी हीच खरी मेहनत आहे.

पहिल्यांदा गाव न गाठता उतारे काढा. भूलेख संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर प्रत्येकी १५ रुपये पडतात. गट क्रमांक माहीत नसेल तर नावाने शोधा, आणि शोधताना आजोबांचंही नाव घालून बघा, कारण कित्येकदा वडिलांचं नाव मुळात चढलेलंच नसतं. आठ-अ काढला की त्या खात्यावरच्या सगळ्या जमिनी एकत्र दिसतात. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफार क्रमांक असतात, ते सगळे टिपून घ्या. जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. सगळ्या तालुक्यांची सगळी कागदपत्रं त्यात नाहीत. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. जुना फेरफार वाचला की घटना घडल्यानंतर त्या वेळी कुणी काय नोंदवून घेतलं, हे कुणालाही न विचारता कळतं. घरात ज्याविषयी कधी बोललंच गेलं नाही, ते तिथे तारखेसह सापडू शकतं. रात्री एकट्याने उघडू नका, एवढं मात्र आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता मृत्यूचा दाखला. इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे नोंद चुकीच्या ठिकाणी शोधणं. मृत्यूची नोंद माणूस राहत होता त्या गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला त्या ठिकाणी होते. भाजलेल्या माणसाला सांगलीच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात हलवलं आणि तिथे तो गेला, तर नोंद त्या महापालिकेत. नदीत वाहून गेलेला खालच्या अंगाच्या गावात सापडला, तर नोंद देह सापडला त्या हद्दीत. आपल्या ग्रामपंचायतीने "आमच्याकडे नोंद नाही" म्हटलं की लोक थेट उशिराच्या नोंदीच्या मागे लागतात आणि वर्ष घालवतात. आधी शोधा की देह कुठे सापडला, शवविच्छेदन कुठे झालं. अकस्मात मृत्यूची नोंद ज्या पोलीस ठाण्यात झाली, त्याच्या हद्दीतली स्थानिक संस्था गाठा. संगणकावरची नोंद अलीकडच्या वर्षांचीच मिळेल. जुनी हवी तर हस्तलिखित रजिस्टर उघडून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी निदान महिना आणि साल तुमच्याकडे हवं. तारीख आठवत नसेल तर तिथी विचारा. वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला घालतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाठ असतं. तिथी आणि साल मिळालं की जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते.

दुसरी चूक, कागदावरचं नाव न ओळखणं. रजिस्टरात 'बाळू', 'नाना', 'आक्का' असं बोलण्यातलं नाव असू शकतं. नव्या लग्नाची सून असेल तर माहेरचं नाव, पोर असेल तर नुसतंच 'मुलगा' आणि बापाचं नाव. सापडलेली नोंद आपलीच आहे पण नाव जुळत नाही, असं झालं तर ती सोडून देऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडून दुरुस्ती होते. त्यासाठी त्या व्यक्तीचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, मतदार यादीचं पान असं काहीतरी जोडावं लागतं. सातबाऱ्यावर 'पांडुरंग' आणि दाखल्यावर 'पांडू' असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबर आधीच लावा. अर्ज परत येण्याचं हे फार मोठं कारण आहे.

तिसरी चूक भावनेची आहे. लोकांना वाटतं की दाखल्यावर मृत्यूचं कारण छापून येईल. आत्महत्या असेल तर केवळ या भीतीने कुटुंबं दाखला काढत नाहीत. तसं होत नाही. कायद्याच्या कलम १७ मध्येच म्हटलं आहे की मृत्यू नोंदीचा जो उतारा दिला जातो त्यात कारण उघड करायचं नाही. दाखल्यावर नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आई-वडिलांची नावं, पत्ता असतो. वारस नोंदीलाही मृत्यूची तारीख लागते, कारण लागत नाही. त्यामुळे शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा, पेपरातलं कात्रण यांतलं काहीही ई-हक्कवर चढवू नका. मागितलं तर "दाखला जोडला आहे" एवढं उत्तर पुरेसं आहे. ही एक गोष्ट माहीत असली तरी चावडीतले निम्मे प्रश्न गळून पडतात.

नोंदच झालेली नसेल तर वाट लांब आहे. महाराष्ट्रात हा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. २१ दिवसांच्या आत नोंद, त्यानंतर विलंबाचे टप्पे, आणि एक वर्ष उलटलं की आदेशाशिवाय नोंद होत नाही. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. २०२५ च्या सुरुवातीला खोट्या दाखल्यांच्या तक्रारींनंतर राज्यात ही कामं काही काळ थांबली आणि मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. आता पुराव्यांची छाननी जास्त होते आणि खोटी माहिती दिल्यास गुन्हा दाखल होतो. सुरुवात करायची ती 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घेऊन. तो मृत्यूच्या ठिकाणच्या निबंधकाकडून घ्यायचा. त्याशिवाय पुढचं टेबल अर्ज हातात घेत नाही.

पुरावे कुठून आणायचे? पोलीस ठाण्यातली जुनी कागदपत्रं ठरावीक काळाने नष्ट केली जातात, म्हणून तिथे मिळालं नाही तर हताश होऊ नका. शेतकरी आत्महत्येची मदत मिळालेली असेल, तर तहसीलमध्ये तिची फाइल असते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने या मदतीची रक्कम एक लाख रुपये ठरली आणि प्रत्येक प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे गेलं, म्हणजे मृत्यूचे कागद त्या फाइलमध्ये असणारच. आपत्तीतल्या मृत्यूच्या सानुग्रह अनुदानाची फाइलही तशीच कामाला येते. त्याहून जुन्या मृत्यूंसाठी कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ बघा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपून ठेवायचा, ती वही तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. कुणबी नोंदी शोधण्याच्या कामात २०२३ नंतर अशा असंख्य वह्या बाहेर काढून स्कॅन केल्या गेल्या आणि कित्येक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. जुन्या नोंदी मोडीत आहेत, त्यामुळे मोडी वाचक लागतो. कोतवाल बुकात मात्र मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं, हे लक्षात ठेवून उघडा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वहीत आपल्या घराण्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. वंशावळ नीट लावायला ती फार उपयोगी. मृत्यूचा एकटा पुरावा म्हणून मात्र ती कुणी धरत नाही.

बेपत्ता माणसाचं प्रकरण सगळ्यात अवघड, कारण तिथे शोकालाही तारीख नसते. सात वर्षं ज्याच्याविषयी त्याच्या जवळच्यांना काही कळलं नाही, तो मरण पावला असं गृहीत धरता येतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण सात वर्षं झाली म्हणून तलाठी आपण होऊन नाव कमी करू शकत नाही. दिवाणी न्यायालयातून तसं घोषित करून घ्यावं लागतं. त्यासाठी कणा म्हणजे पोलिसांतली हरवल्याची तक्रार. ती त्या वेळी दिलीच नसेल तर आज द्या, सात वर्षांचा पुरावा इतर मार्गांनी उभा करावा लागेल, पण तक्रारीशिवाय दावा लंगडा पडतो. आणखी एक बारकावा असा की कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख गृहीत धरत नाही. तारखेवर हिस्से अवलंबून असतील तर ती वेगळी सिद्ध करावी लागते. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

मोठ्या आपत्तीत बेपत्ता झालेल्यांसाठी सात वर्षं थांबावं लागत नाही. २०१३ च्या उत्तराखंडातल्या प्रलयानंतर केंद्राने वेगळी पद्धत घालून दिली: हरवल्याची तक्रार, चौकशी, जाहीर नोटीस, हरकतींसाठी ३० दिवस आणि मग दाखला. तेव्हा तिथे यात्रेला गेलेली महाराष्ट्रातली माणसंही परतली नव्हती. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, २७ देह हाती लागले आणि ५७ माणसं मातीखालीच राहिली. अशा गावातल्या कुणाचं नातं असेल तर न्यायालयाकडे धावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती शाखेत मृत घोषित केलेल्यांची यादी बघा.

आता तो प्रश्न, जो फॉर्म विचारतच नाही: एकाच वेळी दोघं-तिघं गेले असतील तर आधी कोण गेलं? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंपाने दगड-मातीची घरं बसली, तेव्हा एकेका छपराखाली तीन-तीन पिढ्या होत्या. कोण आधी गेलं हे कोण सांगणार? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २१ मध्ये याचं उत्तर आहे. कुणाचा मृत्यू आधी झाला हे ठरवता येत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेला मागे राहिला असं धरायचं. हे कोरडं वाटतं, पण यावर एखाद्या विधवेचा सगळा हक्क टांगलेला असू शकतो. समजा थोरला भाऊ अविवाहित, त्याच्या स्वतःच्या कमाईची जमीन. धाकट्याला बायको, मूल नाही. आई-वडील आधीच गेलेले, एक बहीण हयात. दोघे भाऊ एकाच रात्री गेले. कलम २१ प्रमाणे थोरला आधी गेला असं धरलं, तर जमिनीत धाकटा आणि बहीण दोघे वारस होतात, आणि धाकट्याचा अर्धा हिस्सा त्याच्या बायकोकडे येतो. धाकटा आधी गेला असं कुणी नोंदवून घेतलं असेल, तर तिला काहीच मिळत नाही. जुना फेरफार वाचताना हे तपासा. अशा घरातली विधवा त्या वेळी वीस-बावीस वर्षांची असते, तिला माहेरी पाठवून दिलेलं असतं आणि तिचं नाव कुठेच नसतं. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना हे कलम लागू नाही, त्यांनी आपल्या कायद्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

मृत्यू घरातल्याच कुणाच्या हातून झाला असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला त्या माणसाचा वारसा मिळत नाही, आणि तो आधीच गेला आहे असं समजून वाटा पुढे जातो. पण हे तलाठ्याने ठरवायचं काम नाही. असं प्रकरण ई-हक्कवर टाकूच नका. निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन दिवाणी वकिलाकडे जा.

हे सगळं हातात आलं की ई-हक्कचा अर्ज मात्र खरोखर सोपा आहे, आणि इथे सेवेचं मनापासून कौतुक करायला हवं. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, फेरफाराचा प्रकार म्हणून वारस नोंद घ्यायची. खाते क्रमांक किंवा नाव टाकून मयत खातेदार शोधायचा, तो ज्या गटांत आहे ते निवडायचे, मृत्यूची तारीख घालायची. मग एकेक वारस: नाव, वय, नातं, पत्ता, मोबाईल. शेवटी दाखला, वारसांची वंशावळ आणि स्वयंघोषणापत्र जोडायचं. अर्ज क्रमांक मिळतो आणि पुढची स्थिती बघता येते.

सुरुवात नेहमी सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्यापासून करा. आजोबांचं नाव असेल आणि वडील त्यानंतर गेलेले असतील, तर दोघांचेही दाखले जोडा आणि वंशावळीत वडिलांची फांदी पूर्ण दाखवा. वंशावळीत हयात-मयत दोन्ही लिहा, मयतापुढे साल घाला. जी मुलं त्या घटनेत गेली तीही लिहा. लोक ती नावं वगळतात, बोलायला नको म्हणून. पण गावात कुणाला तरी ते मूल आठवत असतं, "एक पोरगा अजून होता ना?" असा प्रश्न निघतो आणि अर्ज परत येतो. बहिणींना गाळू नका. मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि तिचं नाव 'इतर हक्कात' ढकलण्याची जुनी सवय आजही काही ठिकाणी आहे. पुन्हा लग्न केलेल्या विधवेचं नाव सरसकट उडवणंही चूक. तिला अपात्र ठरवणारं हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं कलम २४ हे २००५ च्या दुरुस्तीत रद्द झालं. कुणाला हिस्सा नको असेल तर आधी नाव लागू द्या आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो.

न्यायालयाचा वारस दाखला आणा असं सांगितलं गेलं तर घाबरू नका. वारसांबद्दल वाद नसेल तर वारस नोंदीला तो लागत नाही. मृत्यू दाखला, स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील किंवा सरपंचांचा दाखला आणि स्थानिक चौकशी यावर नोंद होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर निघालेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेतही हीच कागदपत्रं मागितली गेली. पुढे तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार धरतो. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही नोटीस 'आपली चावडी' या महसूल विभागाच्या ऑनलाइन फलकावर कुणालाही दिसते, म्हणजे ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही त्या चुलत घरालाही कळणार. त्यांना पोर्टलवरून कळू देऊ नका, आधी कुणामार्फत तरी निरोप धाडा. अबोल्यातून आलेल्या हरकती कायद्याच्या हरकतींपेक्षा जास्त असतात. हरकत आलीच तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी लागते, आणि ती घटना पुन्हा सगळ्यांसमोर उलगडली जाते. निर्णय विरोधात गेला तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

या पोर्टलवरचा एक पर्याय जो फार कमी लोक वापरतात, त्याला पाचपैकी पाच. सातबाऱ्यावर नावाशेजारी 'अ.पा.क.' असं दिसलं तर तो अज्ञान पालक कर्ता शेरा आहे. बाप गेला तेव्हा पोर पाच वर्षांचं होतं, म्हणून चुलत्याचं नाव पालक म्हणून लागलं. पोर आज पन्नाशीला आलं, त्याच्या स्वतःच्या लेकीचं लग्न झालं, आणि सातबाऱ्यावर ते अजून अज्ञान आहे, पालक चुलताही गेलेला. वयाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून हा शेरा काढता येतो. त्यासाठी कुणी कसं गेलं याचा एक शब्दही लागत नाही. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर ही नोंदही अशीच बघून घ्या. एकाच भावाचं नाव मॅनेजर म्हणून आहे आणि बाकीच्या भावांची नावं नाहीत, असं असेल तर मूळ फेरफार काढून त्यात कोण कोण होते ते दाखवावं लागतं.

राहिलं घर. ज्यासाठी माणूस खरा परत येतो ते घर बहुतेक वेळा सातबाऱ्यावर नसतंच. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, घरपट्टीच्या नोंदवहीत असतं, आणि तिथे ई-हक्क चालत नाही. ग्रामपंचायतीत अर्ज, मासिक सभेपुढे विषय, ठराव आणि मग नाव. सभा महिन्यातून एकदा, म्हणून गावी जायची तारीख सभेच्या आठवडाभर आधीची धरा आणि थकलेली घरपट्टी अगोदर भरा. उताऱ्यावर मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात. घर बंद असताना भोगवटादारात दुसऱ्याचं नाव शिरलेलं नाही ना, हे पहिल्यांदा बघा. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळकत पत्रिका मिळते, आणि तिच्यावरची वारस नोंद मात्र ई-हक्कवरून होते. मोजणीच्या वेळी घर कुलूपबंद होतं आणि सांगायला कुणी नव्हतं, अशा घरांच्या पत्रिकेत चूक राहण्याची शक्यता जास्त, तेव्हा सीमा प्रत्यक्ष उभं राहून ताडून बघा.

नोंद प्रमाणित झाली की १५ रुपयांचा नवा सातबारा काढा. २०२० च्या नव्या नमुन्यात गेलेल्या खातेदाराचं नाव पूर्वीसारखं कंसात राहत नाही, त्यावर आडवी रेष येते आणि खाली वारसांची नावं येतात. तो कागद पहिल्यांदा हातात घेताना आईला किंवा आत्याला जवळ बसवा, मोबाईलवर फोटो पाठवून मोकळे होऊ नका. नावांतल्या वेलांट्या-उकार तिथेच तपासा, चुकलं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच टाका. आणि 'इतर हक्क' हा रकाना शेवटपर्यंत वाचा. सोसायटीचा जुना बोजा, तगाई, वाटेचा हक्क आणि सामाईक विहिरीतला हिस्सा तिथे गेलेल्याच्याच नावाने पडून राहतो, वारस नोंदीबरोबर आपोआप बदलत नाही. विहिरीचा हिस्सा मुलांच्या नावावर करून घेण्यासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज द्या. त्या विहिरीवर घरातलं कुणी वर्षानुवर्षं गेलेलं नसलं, तरी द्या.